उतराईचा व्यवहार

१९७१ सालच्या जून महिन्यात एका जिल्ह्याच्या गावातील महाविद्यालयाच्या फीच्या खिडकीपुढे मी उभा होतो. खिशात साठ रुपये होते, भरावयाचे होते एकशे बारा, आणि आर्थिकदृष्ट्या मागासांच्या, म्हणजे ईबीसीच्या, सवलतीसाठी अर्जाला जोडावयाचा उत्पन्नाचा दाखला मामलेदार कचेरीत कोणत्या तरी टेबलावर सहीवाचून पडून होता. खिडकीमागच्या कारकुनांना सारे कॉलेज अण्णा म्हणे. त्यांनी माझ्याकडे मान वर करून पाहिलेही नाही. साठ रुपये मोजून घेतले, खणातून एक लांबट वही काढली, तीत पेन्सिलीने माझे नाव लिहिले, पुढे 'बाकी ५२' असा आकडा टाकला आणि पाठीमागच्या मुलाला हाक दिली. पेन्सिल कशासाठी, हे तेव्हा उमगले नाही. शाईने लिहिलेली बाकी कीर्दीत चढते, कीर्दीतली बाकी तपासनिसाच्या नजरेस पडते आणि नजरेस पडलेल्या बाकीपायी विद्यार्थ्याचे नाव पटावरून कमी करणे भाग पडते. पेन्सिलीने लिहिलेली बाकी मात्र लिहिणारा आणि देणेकरी या दोघांतच राहते, एवढी कारकुनी समज पुढे सरकारी नोकरीत स्वतः दप्तर सांभाळू लागल्यावर मला आली. ऑगस्टात दाखला हाती पडला, मी बावन्न रुपयांचा निकाल लावला, अण्णांनी रबराने नाव खोडले आणि वहीवरचा चुरा फुंकरीने उडवून दिला.

हिशेबाने पाहिले तर व्यवहार तेथे संपला. तरीही गेली पन्नास वर्षे मनात जे देणे राहिले आहे ते बावन्न रुपयांचे नव्हे, त्या दोन महिन्यांचे आहे. आणि निवृत्तीनंतर माजी विद्यार्थी मंडळाच्या शिष्यवृत्ती समितीवर बसून इतरांच्या देणग्यांचे कागद पाहू लागल्यापासून माझी खात्री होत चालली आहे की, बहुतेक देणगीदारांच्या मनात अशाच एखाद्या पेन्सिलीच्या नोंदीचे ओझे असते. आमच्याकडे येणारे गृहस्थ, आणि अलीकडे गृहस्थांपेक्षा अधिक नेटाने चौकशी करणाऱ्या भगिनी, 'किती द्यावे?' या प्रश्नाने प्रारंभ करतात. मी त्यांना उलट विचारतो, 'आपल्याला त्या काळी काय कमी पडले होते, आणि ते कोणी भागवले?' या प्रश्नाचे उत्तर देताना माणूस क्षणभर थांबतो, चष्मा पुसतो आणि मग जे सांगतो त्यातच त्याच्या देणगीचा तपशील असतो. कोणाला वसतिगृहाच्या रेक्टरांनी सुटीतही खोली वापरू दिलेली असते, कोणाच्या परीक्षेच्या फॉर्मचे पैसे वर्गशिक्षकांनी परस्पर भरलेले असतात, कोणाला ग्रंथपालाने नियम मोडून एकाच वेळी पाच पुस्तके घरी नेऊ दिलेली असतात.

ज्यांनी उपकार केले ती माणसे बहुधा हयात नसतात, आणि असली तरी परतफेड घेत नाहीत. आपल्या परंपरेने मनुष्यावर जी तीन ऋणे सांगितली त्यांतील ऋषिऋणाची रचना या दृष्टीने मोठी विचारपूर्वक केलेली आहे, कारण ते ऋषींना परत करावयाचे नसते. अध्ययन-अध्यापन चालू ठेवून, म्हणजे पुढल्याला देऊन, त्यातून मोकळे व्हावयाचे असते. माजी विद्यार्थ्याची देणगी ही त्याच जातीची फेड आहे. नावाची हौस, बरोबरीच्या मित्राने दिले म्हणून आलेली ईर्षा, करात मिळणारी सूट ही कारणेही असतात, आणि ती हिणकस मानण्याचे मला प्रयोजन दिसत नाही. परंतु ही निमित्ते आहेत, मूळ नव्हे. केवळ करसवलतीसाठी आलेला देणगीदार दुसऱ्या वर्षी दिसत नाही, एवढे अनुभवाने सांगतो.

महाराष्ट्रात या फेडीला जुनी वाट आहे. पुण्यात वार लावून जेवलेल्या आणि माधुकरी मागून शिकलेल्या मुलांची एक मोठी पिढी होऊन गेली. सात वारांची सात घरे बांधून घेऊन, सोमवारी कोणाकडे आणि मंगळवारी कोणाकडे हे पाठ करून ज्याने व्याकरण शिकले, त्याला अन्न आणि विद्या यांचा संबंध कोणी समजावून सांगावा लागत नव्हता. पुढे वकिली वा मास्तरकी करू लागल्यावर अशा घरांतून एखाद्या वाराला दुसरा मुलगा जेवावयास बसलेला दिसे. त्याच शहरात १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह उभे राहिले आणि १९५५ साली डॉ. अच्युतराव आपटे यांनी खेड्यांतून येणाऱ्या गरजू मुलांच्या निवास-भोजनासाठी विद्यार्थी साहाय्यक समिती स्थापन केली. साताऱ्याची कथा तर प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक आहे. भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला, आणि पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात मुलांच्या भाकरीची अडचण पडली तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही काढून दिले. त्या घरात वाढलेले पी. जी. पाटील विलायतेतून बॅरिस्टर होऊन आल्यावर वकिलीच्या मिळकतीकडे न वळता साताऱ्याच्या महाविद्यालयाकडे वळले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. देणगीचा हाही एक प्रकार आहे, पावतीपुस्तकात न मावणारा.

आजचे आकडे निराळे आहेत, पण धागा तोच आहे. १९७३ साली पवईच्या आयआयटीत दाखल झालेल्या नंदन नीलेकणी यांनी त्या नात्याला पन्नास वर्षे झाल्याच्या निमित्ताने २०२३ साली संस्थेला ३१५ कोटी रुपये दिले, आणि त्याच वर्षीच्या अखेरीस तेथील १९९८ च्या तुकडीने रौप्यमहोत्सवी मेळाव्यात ५७ कोटी जमवले. १९३३ साली स्थापन झालेल्या, जुन्या लोकांच्या तोंडी अजूनही यूडीसीटी असलेल्या माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेला मुकेश अंबानींनी २०२५ साली १५१ कोटी रुपये दिले, ते प्राध्यापक म. मो. शर्मा यांना गुरुदक्षिणा म्हणून, आणि कोणतीही अट न घालता. या रकमा ऐकून आपल्यासारख्याने हात आखडून घेण्याचे कारण नाही. आमच्या समितीचे निम्मे काम पाच-पाच हजारांच्या देणग्यांवर चालते, आणि आयआयटीच्या मुलापेक्षा तालुक्याच्या कला-वाणिज्य महाविद्यालयातल्या मुलीला पाच हजारांचा उपयोग अधिक होतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता व्यवहाराकडे वळू. माझी स्वतःची पहिली देणगी फसली, ती हकीकत आधी सांगितलेली बरी. १९९६ साली मी एका महाविद्यालयाला दहा हजार रुपये पाठवले आणि गरजू विद्यार्थ्याला द्यावेत असे पत्रात लिहिले. पैसे जुलैत पोहोचले. संस्थेच्या रिवाजाप्रमाणे अर्ज मागवले गेले, छाननी झाली, उपसमितीची बैठक दोनदा तहकूब झाली आणि फेब्रुवारीच्या स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या हस्ते वितरण करण्याचे ठरले. समारंभाला मीही होतो. नाव पुकारले गेले, टाळ्या झाल्या, कोणीही उठले नाही. तो मुलगा फी देता न आल्याने दिवाळीपूर्वीच गावी निघून गेला होता आणि एका ट्रॅक्टरच्या कारखान्यात कामाला लागला होता, असे त्याच्या मित्राने मागाहून सांगितले. पैसे होते, मुलगा होता, दोहोंची गाठ पडली नाही. कारण एवढेच की, त्या दप्तरात अण्णांची वही नव्हती.

म्हणून पहिली गोष्ट, रकमेच्याही आधी पाहावयाची, ती वेळ. शिष्यवृत्तीची गरज जून-जुलैत प्रवेशाच्या वेळी, ऑक्टोबरच्या आसपास परीक्षेचे अर्ज भरताना, आणि जानेवारीत दुसऱ्या हप्त्याला पडते. सरकारी योजना आहेत आणि त्या मोठ्या आहेत. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्णपणे माफ आहे. परंतु महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज, त्याची पडताळणी, त्रुटीची पूर्तता आणि रक्कम खात्यात जमा होणे यांत जे महिने जातात, त्या महिन्यांत खोलीचे भाडे थांबत नाही आणि मेसवाला जेवण उधार देत नाही. सरकार फी देते. डबा, खोली, बसचा पास, प्रयोगशाळेचा अंगरखा, कॅल्क्युलेटर यांची तरतूद बहुतेक योजनांत धड नसते. माजी विद्यार्थ्याच्या पैशाची खरी जागा ही आहे. आपल्या देणगीपत्रात 'शिक्षण शुल्कासाठी' असे लिहून मोकळे होऊ नका. 'निवास, भोजन, प्रवास, परीक्षा शुल्क व तत्सम तातडीच्या खर्चासाठी' असे लिहा, आणि अर्ज आल्यापासून किती दिवसांत रक्कम हाती पडावी याची मुदतही घाला. आम्ही सात दिवसांची घातली आहे.

पारितोषिक आणि साहाय्य यांची गल्लत हा दुसरा मोठा दोष. जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती १८६६ पासून संस्कृतात पहिले येणाऱ्यांना मिळत आली. चिंतामणराव देशमुखांना ती १९१२ साली मिळाली, आणि आजही ती मिळवणाऱ्याच्या घरी पेढे वाटले जातात ते रकमेसाठी नव्हे, मानासाठी. मान द्यावयाचा असेल तर पारितोषिक ठेवावे, रक्कम अल्प असली तरी चालते. परंतु अडचण निवारावयाची असेल तर पहिल्या क्रमांकाची अट घालू नये, कारण दूध घालून, पेपर टाकून कॉलेजात येणारा मुलगा पंचावन्न टक्क्यांवर असतो आणि ते पंचावन्न टक्के दुसऱ्याच्या पंच्याऐंशींहून महाग पडलेले असतात. एका विषयात राहिला म्हणून शिष्यवृत्ती बंद, हा शिरस्ताही मला निर्दय वाटतो. ज्या वर्षी मुलगा नापास होतो त्याच वर्षी बहुधा घरी काही तरी घडलेले असते.

ठेव करून व्याजातून द्यावे की दरवर्षी रोख द्यावे? आपल्याकडे ठेवीचे आकर्षण फार, कारण तिच्यात नाव कायम राहते. हिशेब मात्र कोरडा आहे. साडेसहा टक्के व्याज धरले तर एका लाखाचे वर्षाला साडेसहा हजार येतात; वर्षाला वीस हजार द्यावयाचे म्हटले तर ठेव तीन लाखांहून थोडी अधिक लागते, आणि सारे व्याज वाटून टाकले तर महागाई ती ठेव आतून पोखरीत राहते. आमच्या दप्तरात एका गृहस्थांनी १९५८ साली आईच्या नावे ठेवलेल्या पाचशे रुपयांची नोंद आहे. त्याचे तेव्हा साडेसतरा रुपये व्याज येई आणि तेवढ्यात त्या काळी क्रमिक पुस्तके येत. आज त्या ठेवीचे बत्तीस रुपये येतात आणि प्रमाणपत्राची छपाई त्याहून महाग पडते. त्या माउलीचे नाव दरवर्षी व्यासपीठावरून वाचले जाते, ऐकताना संकोच वाटतो. तेव्हा ठेव करावयाची तर व्याजाचा चौथा हिस्सा मुदलात परत मिळवण्याची अट घाला, आणि 'ही रक्कम कायम निधीसाठी आहे' असे स्वच्छ शब्दांत लिहून द्या, अन्यथा संस्थेच्या जमाखर्चात ती चालू उत्पन्नात धरली जाऊन रंगरंगोटीत खर्ची पडण्याचा संभव असतो. ज्याला तीन लाख एकदम काढणे शक्य नाही, त्याने दहा वर्षे दरवर्षी वीस हजार द्यावेत; त्या दहा वर्षांत दहा मुलांचे एकेक वर्ष निभावते आणि देणाऱ्याचाही संस्थेशी संबंध राहतो.

तिसरी एक वाट आहे, आणि ती मला विशेष आवडते. जमशेटजी टाटांनी १८९२ साली परदेशी शिक्षणासाठी जो निधी स्थापला, तो दानाचा नव्हता, कर्जाऊ शिष्यवृत्तीचा होता. प्रारंभीच्या निवडींत कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. शिकून मिळवते झाल्यावर परत केलेला पैसा पुढल्याला मिळावा, ही त्यातली योजना. लहान महाविद्यालयातही दोन लाखांचा असा फिरता निधी करता येतो. बिनव्याजी, बिनतारण द्यावे, वसुलीची नोटीस कधी धाडू नये. सगळे परत करीत नाहीत, हे खरे. परंतु जे करतात त्यांना मान खाली घालावी लागत नाही, आणि घेतानाही लागलेली नसते.

अटींविषयी दोन शब्द अधिक लिहितो, कारण चांगल्या मनाचे लोक येथेच अडखळतात. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१३ साली भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी महिना साडेअकरा पौंडांची तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, हे त्या राजाच्या गुणग्राहकतेचे मोठेच द्योतक होय. परंतु परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार तीत होता, आणि १९१७ साली तो पाळावयास आलेल्या या विद्वानाला बडोदे शहरात राहावयास जागा मिळेना, कचेरीतली वागणूक सोसवेना, तेव्हा त्याला ती नोकरी सोडावी लागली. ज्ञान मिळाले ते देशाच्या कामी आले, करार मात्र जातिभेदाच्या दगडावर फुटला. पुढल्या काळावर आपली सही चालत नसते. अमुक जातीच्या, अमुक गावच्या, अमुक शाखेच्या विद्यार्थ्यालाच द्यावे अशी घट्ट कलमे घातली की पंचवीस वर्षांनी ती शाखाच बंद पडते आणि रक्कम बँकेत पडून राहते. पेशव्यांच्या काळची श्रावणातली दक्षिणा इंग्रजी अमलात पाठशाळेकडे, मग ग्रंथांच्या पारितोषिकांकडे, मग महाविद्यालयातील दक्षिणा फेलोंकडे वळली, आणि न्यायमूर्ती रानडे त्या फेलोंपैकी एक होते. वळू दिली म्हणूनच ती त्यांच्यापर्यंत पोहोचली. आपल्या पत्रात शेवटचे कलम असे असू द्या: 'हा हेतू साध्य होणे अशक्य झाल्यास विश्वस्तांनी त्याच्या अधिकाधिक जवळच्या हेतूसाठी विनियोग करावा.'

कागदपत्रांची बाब कंटाळवाणी, पण टाळू नये. संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी व ज्याला लोक ८०-जी म्हणतात ते प्रमाणपत्र चालू आहे का, हे विचारण्यात अविश्वास नाही. दोन हजारांहून अधिक रक्कम रोख दिल्यास करात वजावट मिळत नाही, आणि जुनी करपद्धती निवडलेल्यालाच ही वजावट लागू पडते. परदेशी असलेल्यांनी एक भेद ध्यानात ठेवावा: भारतीय पारपत्र बाळगणाऱ्याने स्वतःच्या कमाईतून दिलेली देणगी परकीय ठरत नाही, परंतु ज्याने परदेशचे नागरिकत्व घेतले आहे, त्याची देणगी परकीय अंशदान ठरते, ती घेण्यास संस्थेपाशी परकीय अंशदानाच्या कायद्याखालची नोंदणी लागते आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील ठरावीक खात्यातच जमा व्हावी लागते. या एका अज्ञानापायी न्यू जर्सीच्या एका वर्गमित्राची देणगी आम्हाला आभार मानून परत करावी लागली.

आणि देताना मुलाला व्यासपीठावर उभे करू नका. त्याचे छायाचित्र, त्याच्या आईच्या मोलमजुरीचे वर्णन, आभाराचे पत्र यांतले काहीही मागू नका. नाव द्यावयाचे तर ज्याचे ऋण आहे त्याचे द्यावे. सर विठ्ठलदास ठाकरसींनी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १९२० साली पंधरा लाख दिले आणि विद्यापीठाला नाव दिले आईचे.

आमच्या तातडीच्या निधीला अण्णांचे नाव द्यावे असे मी समितीत सुचवले आणि ते मंजूर झाले. अण्णांना जे नियम बाजूला सारून करावे लागले ते नियमात बसवून करता यावे, एवढाच त्या निधीचा उद्देश: एक पानी अर्ज, वर्गशिक्षकाची सही, फीच्या खिडकीवरच निर्णय, पाच हजारांपर्यंत. अडचण निघाली ती निराळीच. सध्या खिडकीवर बसणाऱ्या बाई पहिल्याच आठवड्यात माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, 'सर, संगणकात एक तर भरली, नाही तर थकीत, एवढेच दोन रकाने आहेत. भरेल, पण नंतर, हे मी कुठे लिहू?' दुसऱ्या दिवशी मी त्यांना एक दोनशे पानी लांबट वही नेऊन दिली, आणि एक पेन्सिल.